अंगावरची पिल्लं

पितृपक्ष लागला होता आणि भात पोटरीला आलं होतं. रानडुकरांनी खालच्या मळ्यातले भातखाचराचे दोन कुणगे रातोरात लोळवले. राही सकाळपासून चिखलात वाकून होती. आडवे झालेले भाताचे चूड एका हाताने उचलायचे, तीन-चार एकत्र धरायचे आणि पेंढ्याच्या वळलेल्या आळ्याने बांधून उभे करायचे. पाठ ताठली की मधेच गुडघ्यावर हात टेकून उभी राहायची, मागच्या रानाकडे बघायची आणि पुन्हा वाकायची.

शेवरवाडीत डुकरांना अडवायला एकच जनावर होतं, ते म्हणजे राहीच्या घरची वाघी. दोन वर्षांत तिने चार डुकरं पळवून पळवून दमवली होती. पण वाघी गणपतीच्या दोन दिवस आधी गोठ्यात व्याली होती. पाच पिल्लं अंगावर पीत होती, म्हणून राही तिला मळ्यात आणत नव्हती.

राही दुपारी गवताचा भारा घेऊन घरी आली. खळ्यात शिरतानाच तिला वाघीचा आवाज ऐकू आला. भुंकणं नव्हे, घशातल्या घशात कोंडलेला एकच बारीक आवाज होता तो. वाघी पडवीच्या मेढीला सुंभाने बांधलेली होती. ओढून ओढून मानेवरचे केस गेले होते आणि कातडी लाल झाली होती. पडवीत महिपत, राहीचा सासरा, दोरी वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

राहीने भारा टाकला आणि गोठ्यात गेली. पेंढ्यात एकच पिल्लू होतं. सगळ्यात बारकं, पोट खपाटीला गेलेलं. ते थंड पेंढ्यात नाक खुपसून कोणालातरी शोधत होतं.

ती बाहेर आली. "मामा, बाकीची कुठं हायत?"

"भिकाजी आलेला. हातखंब्याचा दुकानवाला."

"आणि तुमी दिलीत?"

"दिली." महिपतने दोरीला पीळ घातला. "रत्नागिरीच्या कोणा साहेबानं नाव काढलान म्हणे. महिपतच्या घरचंच कुत्रं पायजे म्हणाला. ह्या वाडीचं नाव कोणी घेत नाय, आणि आपल्या कुत्र्याचं नाव पार रत्नागिरीत गेलं."

"आज इसावा दिवस हाय त्यांचा. डोळे उघडून आठ दिवस नाय झाले."

"भिकाजी दूध पाजतो म्हणाला. लहान असलं की माणसाला लळा लागतो म्हणे." महिपतने मांडीखालून एक लांब नळी काढली आणि तिच्यापुढे धरली. "ही बघ. बॅटरी. मचाणावरनं डुकराच्या डोळ्यात मारायची. ही दिलान बदल्यात."

राहीने बॅटरीला हात लावला नाही. तिने वाघीचा सुंभ सोडला. वाघी गोठ्यात गेली, बाहेर आली, परसात गेली, दगडी गडग्यापर्यंत धावली आणि परत गोठ्यात आली. मग गोठ्याची जमीन उकरू लागली.

"आत्याबाय काय सांगायची?" राही म्हणाली. सासू सावित्री मरून पाच वर्षं झाली होती. "पिल्लू आईनं हाकलायचं, माणसानं नाय. आपणहून उठून जाते ना ती, अंगावर घेत नाय, गुरगुरते, तेव्हा पिल्लू घराबाहेर. हे तुमीच साऱ्या वाडीला सांगत फिरता."

 दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून महिपत वळत राहिला.

दोन दिवसांत वाघीची कास दगडासारखी झाली. एकटं बारकं पिल्लू पिऊन पिऊन किती पिणार? आचळं तापली आणि कातडी ताणून चकाकायला लागली. वाघी पेजेला तोंड लावेना. बसली की कण्हायची, म्हणून उभीच राहायची, आणि उभी राहूनही पाय थरथरायचे. राहीने पाणी ऊन केलं, जुन्या लुगड्याचा तुकडा बुडवला आणि कासेला शेक दिला. मग अंगठ्याने हळूहळू दूध काढायला बसली. पहिल्या धारा पिवळ्या आल्या, त्यात रक्ताचे धागे होते. वाघीने तिचं मनगट दातांत धरलं, पण दाबलं नाही. तशीच धरून राहिली.

महिपत दारात उभा राहून बघत होता.

"येवढं दूध," राही म्हणाली, "आणि ती पोरं तिकडं काय पितायत कोण जाणे."

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी राहीने पाटीत पेंढा घातला, बारक्या पिल्लाला त्यात ठेवलं आणि बॅटरी फडक्यात गुंडाळून पाटीत सारली. वाघीच्या गळ्यात मऊ फडक्याचा पट्टा बांधला.

महिपत उठून बसला. "कुठं चाललीस?"

"हातखंब्याला."

"चार कोस हाय. बायमाणूस, कुत्री ओढत! लोक काय म्हणतील? शिवाला मुंबईत कळलं तर?" शिवा म्हणजे राहीचा नवरा. तो गणपतीला चार दिवस येऊन गिरणीत परत गेला होता.

"कळूद्या. मीच कळवतंय."

"अगो, दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे माझी जीभ गेली."

"मामा, जीभ तुमची गेली, खरं हाय," राही म्हणाली. "पण दूध हिचं जातंय."

ती दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून गेली.

वाट आधी कातळावरून होती. कातळाच्या खळग्यांत पाणी साचलं होतं आणि पिवळी फुलं आली होती. वाघी मागचे पाय फाकवून चालत होती, कास दोन्हीकडे घासू नये म्हणून. दर हाकेच्या अंतरावर ती थांबायची. राही पाटी खाली ठेवायची, पिल्लू तिला लावायची आणि थोडं दूध हाताने पिळून टाकायची. मग पुन्हा चालायचं. पाली गाव मागे टाकल्यावर सडक लागली. ऊन तापलं. तांबड्या धुळीत वाघीच्या दुधाचे थेंब पडत होते आणि लगेच जिरत होते.

शेताच्या बांधावरच्या दोन बायांनी हटकलं. "काय गो, कुत्रीला माहेरी नेतंस काय?" दोघी हसल्या. राहीही हसली, पण थांबली नाही. पुढे एक मोटार आली. राही बाजूला झाली तरी चाकाने डबक्यातला चिखल उडवला. लुगडं, पाटी, वाघीचं तोंड, सगळं तांबडं झालं. राहीने पदराने आधी पिल्लाचं नाक पुसलं.

हातखंब्याच्या तिठ्यावर तीन-चार दुकानं होती. कोल्हापूरच्या मोटारी इथे थांबायच्या. उतारू चहा प्यायचे, पाय मोकळे करायचे. भिकाजीच्या दुकानासमोर एक फळकूट टाकलेलं होतं आणि त्यावर पिंजऱ्यासारखं एक खोकं. खोक्यात तीन पिल्लं पुसून, काजळासारखी चकचकीत करून ठेवलेली. उतारूंची पोरं त्यांच्याभोवती जमायची.

राही दुकानापुढे थांबली नाही. वाघीच तिला ओढत मागच्या बाजूला घेऊन गेली.

मागे उतरत्या पत्र्याची एक पडाळ होती. दोन कुत्र्या खुंट्याला बांधलेल्या. दोघींच्या फासळ्या मोजून घ्याव्यात आणि कास लोंबून जमिनीला टेकलेली. एकीचं पोट पुन्हा वाढलेलं. घासलेटच्या दोन खोक्यांत सात-आठ पिल्लं एकमेकांवर चढून बसली होती. पत्र्याच्या झाकणात पातळ तांदळाचं पाणी होतं. पिल्लांना चाटता येत नव्हतं. ती त्यात पाय घालून उभी होती, नाकात पाणी गेलं की शिंकत होती. खोक्यात सगळीकडे हगवण झालेली. आई चाटते तेव्हा कुठे एवढ्या पिल्लाचं पोट साफ होतं. इथे चाटायला कोण होतं?

भिकाजी आतून धावत आला. जाकीट घातलेला, तोंडात पान. "ओ बाई! कोण तुम्ही? कुत्रं बाहेर काढा!"

"मी महिपतची सून. शेवरवाडीची. माझी चार पिल्लं घेऊन आलात तुमी."

"महिपतनं आपल्या हातानं दिली."

"त्यांनी दिली. मी परत न्यायला आलंय." तिने फडकं सोडलं आणि बॅटरी खोक्याच्या कडेवर ठेवली. "ही तुमची. एकदाच पेटवून बघितलीय."

भिकाजी हसला. बाहेरचे दोन-चार उतारू आणि मोटारीचा डायवर लवू काय चाललंय ते बघायला मागे आले होते. त्यांना ऐकू जाईल असा तो म्हणाला, "बरं, ने. पण ह्यातली तुझी कुठली? पुढची तीन माझ्या कुत्रीची, बाकी सगळी इथं आहेत. ओळख, आणि ने."

राहीने वाघीचा पट्टा सोडला.

वाघीने दोन्ही खोक्यांत तोंड घातलं, हुंगलं, आणि पायाने दोन्ही खोकी उलटी केली. पिल्लं बाहेर सांडली. वाघी तिथेच, त्या घाणीत, कुशीवर आडवी झाली. पिल्लं आली. आधी दोन, मग चार, मग सगळीच. जागा मिळेना म्हणून एकमेकांच्या अंगावर चढली. वाघीने कुणालाच ढकललं नाही. जिभेला जे येईल ते चाटत राहिली. इतक्या दिवसांची तटतटलेली कास रिकामी होत होती, आणि तिचे डोळे मिटत चालले होते.

"बघा!" भिकाजीने टाळी वाजवली. "आईलाच ओळखता येत नाही! आता बोल."

उतारू हसले. राहीचे कान तापले. ती खाली बसली. चिखलाने माखलेली, घामेजलेली, परक्या पुरुषांच्या घोळक्यात. तिने पिल्लांमध्ये हात घातला.

"तिला सगळीच आपली," ती म्हणाली. "भुकेली दिसली की ती पाजते. ओळखायचं काम माझं. ही सगळी ह्या हातांत जन्मलीत." तिने एक उचललं. "ह्याच्या मागच्या पायाला एक नख जादा हाय. बघा." दुसरं उचललं. "हिच्या शेपटीला टोकाला गाठ हाय. आणि ह्याच्या टाळूवर काळा ठिपका." तिन्ही तिने पाटीत बारक्याशेजारी ठेवली. मग पुन्हा पुन्हा हात फिरवला. "चौथी कुठाय? पांढऱ्या छातीची कुत्री होती."

भिकाजी दुकानाकडे बघू लागला.

"ती गेली," लवू डायवर म्हणाला. "काल माझ्याच गाडीतनं. कोल्हापूरच्या एका कुटुंबानं घेतली."

राहीने मान खाली घातली.

लवू पुढे आला. तरणा, खाकी सदऱ्यातला, खांद्यावर तेलकट फडकं. "शेट, एक सांगू? मागल्या महिन्यात तुम्ही असंच एक दिलंत. आंब्याच्या घाटात गाडी लागेपर्यंत ते गार झालेलं. त्या लोकांची पोरं रडून बेजार. खड्डा मी काढला, स्पॅनरनं. त्याच्या आदल्या महिन्यात दुसरं. आता मी नाय नेणार. माझ्या गाडीत बसून कोणी ह्या खोक्यातलं पिल्लू नेलं, तर मी गाडी सुरू करणार नाय."

"तू मालक आहेस काय गाडीचा?" भिकाजी ओरडला.

"नाय. पण हँडल माझ्या हातात हाय."

हसणारे उतारू आता लवूकडे बघायला लागले. एका म्हाताऱ्याने कडेवरच्या नातवाला दुकानापुढच्या खोक्याकडून उचलून आणलं होतं. त्याने विचारलं, "बाई, मग किती दिवसांचं न्यावं?"

"दोन महिन्यांचं," राही म्हणाली. "दात आले की पिल्लू आईला चावतं. आई दटावते. भावंडाला चावतं, भावंडं उलटून चावतात. तेव्हा त्याला कळतं चावा केवढा धरायचा तो. हे शिकायच्या आधी नेलेलं कुत्रं एकतर तुमच्या नातवाला चावंल, नायतर कोल्ह्याला बघून घरात लपंल. ते त्याचं वाईटपण नाय. त्याला कोणी शिकवलंच नाय."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि नातवाला घेऊन गाडीकडे गेला. बाकीचेही त्याच्यामागून गेले.

वाघी अजून आडवीच होती. भिकाजीची धडधाकट पिल्लं पिऊन बाजूला झाली होती. दोन मात्र अंगावर चिकटून राहिली होती, डोळ्यांत चिपडं आणि मानेत जीव नसलेली. राहीने त्यांना हात लावला. दोन्ही गार होती.

"ती माझी," भिकाजी म्हणाला.

"तुमचीच. मग पाजा."

भिकाजीने इकडेतिकडे पाहिलं. पानाची पिंक टाकली. "ने. मरायचीच आहेत."

"मरतील तर मरतील. पण आईच्या कुशीत मरतील," राही म्हणाली. जाताना तिने पाण्याचं झाकण ओतून टाकलं आणि बांधलेल्या दोन्ही कुत्र्यांचे दोर जरा सैल केले. आपापल्या पिल्लांपर्यंत पोचता येईल इतके. भिकाजी ते बघत राहिला. त्याने दोर पुन्हा आखडले नाहीत.

लवूने पालीपर्यंत गाडीत बस म्हणून सांगितलं, पण आतल्या एका गृहस्थाने कुत्र्यावरून नाक मुरडलं. "राहूदे दादा," राही म्हणाली, "हिचे पाय आता हलके झालेत." डोक्यावर सहा पिल्लांची पाटी घेऊन ती चालू लागली. वाघी आता तिच्या पुढे होती. ओढ्याओढ्याला राही पाटी उतरवायची, वाघी पाजायची, चाटायची, आणि आपण होऊन उठून वाटेला लागायची.

दिवस कलला तेव्हा ती वाडीखालच्या ओढ्याशी पोचली. पलीकडच्या दगडावर महिपत बसला होता. दुपारपासून बसला असावा. शेजारी विड्यांची चार-पाच थोटकं पडली होती. वाघी पाण्यात शिरून त्याच्याकडे गेली. त्याने तिच्या कासेखाली हात घालून बघितलं.

मग तो गुडघाभर पाण्यात उतरला. राहीच्या डोक्यावरची पाटी त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि आपल्या मुंडाशावर ठेवली.

"मामा, राहूदे. वाडीत लोक बघतील."

"बघूदेत."

पाखाडीच्या दोन्ही अंगाला घरं होती. बाया केर काढायच्या थांबल्या. महिपत सुनेची पाटी डोक्यावर घेऊन मधोमध चढत गेला. राही मागून, रिकाम्या हाताने. तिला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर त्याने पिल्लं एकेक करून पेंढ्यात ठेवली. मोजली. "सहा कशी?"

"दोन त्याची."

महिपतने पेंढ्यात पुन्हा हात फिरवला. मग म्हणाला, "पांढऱ्या छातीची नाय आली."

"नाय."

"ती सावित्रीच्या कुत्रीसारखी निघाली असती," तो म्हणाला आणि उठून कासेला शेक द्यायला पाणी तापवायला गेला.

भिकाजीच्या दोघांपैकी एक दुसऱ्या दिवशी मेलं. दुसरं जगलं. पंधरा दिवसांत त्याची मान ताठ झाली. महिन्याने ते वाघीच्या कानाला लोंबकळायला लागलं, आणि वाघीने पहिल्यांदा त्याच्यावर दात विचकले. महिपत खळ्यात बसून बघत होता. "शिकवणी लागली," तो म्हणाला.

दसऱ्याच्या सुमारास वाघी पुन्हा मळ्यावर जायला लागली. तोवर महिपत एकटाच मचाणावर पत्र्याचा डबा वाजवत बसायचा. आणखी एक कुणगा गेला, पण उरलेलं भात पिकलं. कापणीला राही विळा घेऊन पुढे आणि पाचही पिल्लं बांधावर एकमेकांना लोळवत. दिवसातून दहा वेळा एखादं केकाटायचं, मग चावणारा मागे सरायचा, आणि खेळ पुन्हा सुरू व्हायचा.

झोडणीच्या वेळी खोताचा गडी धोंडू आला. रावजी खोताच्या जमिनीतच महिपतचा मळा होता. खोताचं बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं, हा रिवाज.

"खोतांनी पिल्लू मागितलंय," धोंडू म्हणाला. "शेपटीत गाठ हाय ती. आत्ता देऊन टाक, मी घेऊन जातंय."

महिपतने झोडायची पेंढी खाली ठेवली. धोंडू त्याच्याकडे बघत होता. महिपतने राहीकडे बघितलं.

राही सूप धरून उभी होती. पदराला भुसा चिकटलेला. "खोतांना सांग, कुत्री अजून अंगावर घेते. आठ दिवसांनी या म्हणावं."

"आठ दिवसांनी या?" धोंडूचे डोळे मोठे झाले. "खोतांना? महिपत, तुझी सून काय बोलते ते ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग तू सांग काय ते."

महिपतने कपाळावरचा घाम पुसला.  "पिल्लांचं ती बघते," तो म्हणाला. "एकदा मी माझ्या मनानं केलं, त्याचं फळ बघितलं. ती आठ दिवस म्हणाली म्हणजे आठ दिवस."

धोंडू पाखाडी उतरून गेला. वाडीतल्या लोकांनी दोन दिवस महिपतच्या खळ्याकडे पाऊल टाकलं नाही. राहीला जेवण गेलं नाही. मळा काढून घेतला तर काय, हा विचार दोघांच्याही मनात होता, पण दोघांनीही तो बोलून दाखवला नाही. पेंढ्या झोडत राहिले.

आठव्या दिवशी वाघी सकाळी गोठ्यातून उठून गडग्यावर जाऊन बसली. पिल्लं मागे गेली तर गुरगुरली. दुपारीही तेच.

नवव्या दिवशी उन्हं वर आल्यावर पाखाडीवर छत्री दिसली. रावजी खोत स्वतः चढून येत होता. साठीचा, धाप लागलेला. मागे धोंडू. खोत ह्या वाडीत वसुलीलाही स्वतः येत नसे.

महिपत धावत जाऊन घोंगडी घेऊन आला. खोत बसला, छत्री मिटली आणि राहीकडे बघून म्हणाला, "आठ दिवस झाले ना?"

"झाले. कालपासून तिनं सोडलीत."

"मग दे."

राहीने पिल्लू उचललं नाही. "तुमी खाली बसलात तर बरं. घोंगडीवरनं उतरून. ती आपणहून येऊदे तुमच्याकडं."

 खोताने एकवार महिपतकडे पाहिलं. महिपत हात जोडून उभा होता, पण त्याने सुनेला गप्प केलं नाही. खोत सरकून शेणाने सारवलेल्या खळ्यात बसला आणि धोतर सावरून मांडीवर हात पालथा ठेवला. गाठीच्या शेपटीची कुत्री लांबून बघत राहिली. मग आली. त्याची बोटं हुंगली, एक बोट दातांत धरलं, आणि सोडलं.

"चावत नाही," खोत म्हणाला.

"किती चावायचं ते तिला ठाव हाय."

वाघी गडग्यावरून उतरून आली. खोताच्या गुडघ्याशी उभी राहिली आणि पिल्लाला एकदा नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं. कोणी हललं नाही. मग ती वळली आणि उन्हात जाऊन पडली.

तेव्हा राहीने पिल्लू उचलून खोताच्या हातात दिलं.

"खायला काय घालू?" खोताने विचारलं.

"पेज घाला, कोमट. थोडी मासळीची डोकी उकडून, काटे काढून. पहिल्या चार राती एकटी ठेवू नका, ती रडेल. माराल तर बिघडेल."

"पेज कोमट. काटे काढून. चार राती एकटी नाही," खोताने शब्द शब्द म्हणून दाखवला. त्याने पिल्लू कोटाच्या आत घेतलं आणि छत्री धोंडूच्या हातात देऊन तो पायरी पायरी जपत पाखाडी उतरायला लागला.

खालच्या घरातला बाबल्या कुडाआडून बघत होता. खोत लांब गेल्यावर तो पळत वर आला. "महिपतदादा, खोत कशाला आलेले तुझ्याकडं?"

महिपतने पेंढी उचलली आणि ती झोडायला हात वर घेतला.

"माझ्याकडं नाय," तो म्हणाला. "सुनेकडं आलेले."